साहेबाच्या खिडकीतलं जाळं

नव्वदनंतरच्या पाच-सहा वर्षांत डोंबिवलीतल्या बायकांनी घरातली एकही काच सुखाने पारदर्शक राहू दिली नाही. दुकानांत काळ्या आउटलाइनच्या ट्यूबा आणि काचेवरच्या रंगांच्या बाटल्या मिळायला लागल्या आणि शोकेसच्या दारांवर मोर आले, बाथरूमच्या झडपांवर राजहंस आले, आणि पाठमोरी बसलेली एक लांब केसांची बाई तर इतक्या घरांत शिरली की तिचं रेशनकार्ड निघायला हरकत नव्हती. या पापात माझा वाटा मोठा आहे, कारण क्लास मी घेत असे. बाहेर पाटी होती आणि पाटीवर, आठवलं की अजून कान गरम होतात, असं लिहिलं होतं: ‘चर्चमधील अस्सल स्टेन्ड ग्लास कामाचा प्रत्यक्ष अनुभव.’

अनुभव खरा होता. पहिल्याच तासाला मी तो ऐकवायचे. इंग्लंडहून बोटीने आलेली खिडकी, शंभर वर्षांपूर्वीच्या राणीच्या काळातलं काम, आणि ती दुरुस्त करणारी मी. बायका माना डोलवत ऐकायच्या आणि फी भरायच्या. त्या गोष्टीतला एक तुकडा मात्र मी दर वेळी गाळायचे. तो इथे सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन घरी बसले होते. मोठी चित्रकार होण्याची पूर्ण तयारी झाली होती, फक्त जगाकडून बोलावणं यायचं बाकी होतं. ते आलं वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून. तिथे काचेवर नक्षी कोरायचं काम चाले. लॉजच्या दारावर नाचणारी बाई, डॉक्टरच्या दारावर साप आणि दांडा, आणि आठवड्याला किमान एक ब्यूटी पार्लर. मालक कुठल्याही कामाला नाही म्हणत नसत. ‘होऊन जाईल’ हे त्यांचं पालुपद, आणि ते कोणाकडून होऊन जाईल याची काळजी त्यांनी कधी केली नाही.

व्हायचं ते काकांकडून. काका म्हणजे आमचे काच कापणारे. कोलशेतच्या बाजूचे कोळी, पन्नाशीचे, हाडापेराने सडसडीत. आधी खाडीत मासेमारी करायचे. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, जाळ्यात माशांऐवजी तवंग यायला लागला, तेव्हा त्यांनी होडी काठावर उपडी घातली आणि हातात काच कापायची हिरकणी धरली. मला पहिल्या दिवसापासून ते, घरच्या पोरीला म्हणतात तसं, ‘बाय’ म्हणायचे. डिप्लोमावालीला बाय म्हणतात याचा मला आठवडाभर राग आला, मग त्या हाकेशिवाय चहा गोड लागेना.

एके दिवशी एका जुन्या चर्चचे मानद सेक्रेटरी गाळ्यात आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, टाय लावलेले, रुमालाने खुर्ची पुसून बसणारे गृहस्थ. चर्चच्या मोठ्या खिडकीचा खालचा भाग फुटला होता. खिडकीने शंभर वर्षं ऊन, वारा, माकडं आणि शेजारच्या मैदानातलं क्रिकेट सोसलं होतं. शेवटी घात केला चर्चच्याच फनफेअरने. तंबोल्याचे आकडे सगळ्यांना ऐकू यावेत म्हणून कोणीतरी कर्ण्याचा खांब खिडकीच्या गजाला बांधला, आणि तो गजासकट आडवा झाला.

“तुम्हांला स्टेन्ड ग्लास येतं का?” सेक्रेटरींनी विचारलं.

“होऊन जाईल,” मालक म्हणाले.

मालक, काका आणि मी, तिघं बघायला गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा असली खिडकी बघत होते, आणि डिप्लोमाला शोभेल असा चेहरा करून उभी राहिले. होडीत चार शिष्य, काठावर येशू, आणि शिष्य माशांनी भरलेलं जाळं ओढताहेत, असा प्रसंग. रंग मात्र खरोखर असे होते की बोलणं बंद व्हावं. ऊन आलं की फरशीवर निळं-तांबडं सांडायचं, आणि त्यात सेक्रेटरींचे पांढरे बूटसुद्धा पवित्र दिसायचे. माणसं काढणाऱ्याने मात्र साफ हात टेकले होते. चौघेही शिष्य गुलाबी, चौघांचे केस नुकते धुऊन विंचरलेले, आणि चौघांच्या चेहऱ्यावर एकाच दाढेचं दुखणं. मी मालकांच्या कानात म्हटलं, “काय काम आहे हो साहेबाचं!” असं म्हणायचं असतं हे मला माहीत होतं.

काका बराच वेळ मान वर करून बघत होते. मग म्हणाले, “बाय, या जाल्यान म्हावरा नाय गावायचा. याच्याव कपरं सुकवाची.”

मासा गावणार नाही, कपडे वाळत घाला. मी नीट पाहिलं. शिष्यांच्या हातात जाळ्याचा जो वरचा भाग शाबूत उरला होता, तो सरळ चौकोनांचा होता, टेनिसच्या मैदानात बांधतात तसा. ना वजन, ना ताण, ना तरंगायला काही. ज्याने काढलं त्याने जाळं बहुधा ग्रंथात वाचलं होतं.

खालचा भाग, म्हणजे पाण्यातलं जाळं आणि मासे, यांचा चुरा झाला होता. चुरा एका बिस्किटाच्या डब्यात आमच्या स्वाधीन करण्यात आला. मूळ चित्र कसं होतं हे कळावं म्हणून सेक्रेटरींनी घरून एक फोटो आणून दिला. त्यांच्याच लग्नाचा. खिडकीसमोर नवरा-नवरी उभे होते आणि नेमक्या जाळ्यावर नवरीचा फुगलेला पदर होता. “थोडं दिसतंय ना?” सेक्रेटरी आशेने म्हणाले. दिसत होतं ते फक्त त्यांच्या सासूबाईंचं पर्सवरचं लक्ष.

खिडकीचा तो अख्खा भाग गाद्यांमध्ये गुंडाळून टेम्पोतून गाळ्यात आला आणि मग आमची खरी परीक्षा सुरू झाली. अशा खिडकीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. शिसं वितळवून पट्टी ओतणं ठाण्यात कोणाला येतं, हे मालक दोन दिवस फोनवर विचारत होते. काका शेजारीच उभे होते. शेवटी ते म्हणाले की जाळ्याला वजन म्हणून लावायचे शिशाचे मणी ते लहानपणापासून घरच्या चुलीवर ओतत आले आहेत. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. चार दिवसांत त्यांनी लाकडाचा साचा केला आणि साहेबाच्या पट्टीच्या तोडीची पट्टी ओतून दाखवली. मालकांनी लगेच सेक्रेटरींना फोन केला की आमच्याकडे खास इंग्लिश पद्धत आहे.

रंगीत काच मिळाली ती एका पाडलेल्या बंगल्याच्या दारांतून. काचेवरच्या रेघा एका काळपट रंगाने ओढून भट्टीत भाजाव्या लागतात. ती भट्टी शेजारच्या गाळ्यात इनॅमलच्या पाट्या करणाऱ्याची होती. माझे पहिले मासे ‘कुत्र्यापासून सावध रहा’ या पाटीच्या शेजारी भाजून निघाले आणि दिसायलाही तसेच घाबरलेले निघाले.

राहिलं जाळं. मी वरचे चौकोन बघून खाली तसेच चौकोन आखले. काकांनी कागद पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घरून खांद्यावर जाळं टाकून आले. गाळ्याच्या पोटमाळ्यावरून त्यांनी ते सोडलं, खाली शिशाचे मणी, त्यात माशांऐवजी काचेच्या बरण्या, आणि मला समोर स्टुलावर बसवलं.

“आता बग नि कार,” म्हणाले. “वजन आयलं का डोला कसा लांब होतं बग. आनि जिथं हात लागतं तिथं बारीक.”

मी दोन दिवस काढत होते. चौकोन नव्हताच कुठे, ओढलेल्या जागी प्रत्येक डोळा, म्हणजे जाळ्याचं भोक, लांबट होत होता आणि पोटाशी रुंदावत होता. मी चुकले की ते नुसतं “हं” करायचे. डिप्लोमाच्या चार वर्षांत मला कोणी एवढं शिकवलं नव्हतं, आणि हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं.

जाळ्याच्या वरच्या काठाला बोये होते, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे लाकडाचे ठोकळे. प्रत्येकावर तीन आडव्या खाचा. मी विचारलं तेव्हा कळलं की गावातल्या सगळ्यांची जाळी खाडीत शेजारी शेजारी पडत, म्हणून ज्याचं त्याला ओळखू यावं यासाठी दर घराच्या बोयाला वेगळी खूण असे. यांच्या घराची तीन खाचांची. आता जाळी पडतच नव्हती, तेव्हा खुणेचाही कोणाला उपयोग राहिला नव्हता.

“बाय, यो बोया कारशील?” काका म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, “बायकोला दाखवीन. आपलं घर हाय तिथं, म्हनून.”

मी काढला. निळ्या पाण्यावर एक पिवळसर बोया, त्यावर तीन खाचा. चिमटीत मावेल एवढा तुकडा. भट्टीतून निघाल्यावर काकांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला आणि स्वतः शिशात बसवला. बाकीचे तुकडे त्यांनी झपाट्याने बसवले, या एकाला अर्धा दिवस घेतला.

खिडकी जागेवर चढली आणि एका रविवारी छोटा समारंभ ठरला. त्यासाठी मुंबईहून एक तज्ज्ञ बोलावले होते. जुन्या इमारतींवर ते इंग्रजीत लेख लिहीत असत. खादीचा झब्बा, पायात कोल्हापुरी, आणि ठाण्याला आल्याबद्दल चेहऱ्यावर एक उदार थकवा. मालकांनी नवा सफारी शिवला होता, आणि डब्यातला चुरा तुकडा तुकडा जोडून साहेबाचंच काम परत उभं केलं, असं सेक्रेटरींना सांगून ठेवलं होतं. मी आईची सिल्कची साडी नेसले होते. काका इस्त्रीच्या शर्टात मागच्या बाकाशी उभे होते आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको. ती बाजारात मासे विकायची, तिथूनच परस्पर आली होती. तिची माशांची पाटी वॉचमनने फाटकाबाहेरच ठेवायला लावली होती. तरी सेक्रेटरींनी रुमाल नाकाशी नेला. समोर खिडकीत माशांचा ढीग काढलेला होता, त्याचा त्यांना वास येत नव्हता.

तज्ज्ञांनी चष्मा बदलला आणि बोलायला सुरुवात केली. खालचं जाळं बघा, म्हणाले. प्रत्येक भोकावरचा ताण बघा, वजन बघा. हा कारागीर इंग्लंडच्या एखाद्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने कोळ्यांमध्ये बसला असणार. निरीक्षणाची ही शिस्त त्या युगाबरोबर संपली. आणि या तीन रेषा! एका साध्या लाकडी ठोकळ्यावर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा! बाकांवरून कौतुकाचा सुस्कारा गेला. सेक्रेटरींनी तर छातीवर क्रूसाची खूण केली. मग तज्ज्ञांनी बोट वर नेलं. वरचे हे चौकोन मात्र, म्हणाले, मागे केव्हा तरी झालेली स्थानिक दुरुस्ती दिसते. अडाणी हात आहे. हे काढून खालच्या अस्सल कामाशी जुळतं करून घ्यावं.

 उलटं आहे, वरचं साहेबाचं आणि खालचं आमचं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते राहूनच गेलं. असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट याहून वाईट आहे. मला ते आवडलं होतं. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माझ्या रेघेला एक मोठा माणूस साहेबाची रेघ समजला होता. याहून मोठं सर्टिफिकेट मला सुचत नव्हतं. ते सर्टिफिकेट फाडायला माझा हात उचलेना.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

“अगो बाय! यो त आपला बोया! आपल्या घरचा!”

काकांची बायको हात वर करून खिडकीकडे दाखवत होती. बाजारात हाक मारायची सवय असलेला गळा, सगळं चर्च भरून गेलं. माना वळल्या. काका हसत होते. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. हसताना ते माझ्याकडे बघत होते, कारण तो बोया कोणाचा आहे हे त्या सगळ्या लोकांत तिसरं कोणाला ठाऊक असेल तर ते मला.

“काय म्हणतायत त्या?” तज्ज्ञांनी इंग्रजीत विचारलं. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही सांगा ना.”

मी म्हटलं, “शी इज सेइंग, इट इज व्हेरी ब्यूटिफुल.”

तज्ज्ञ प्रसन्न झाले. कलेला भाषा लागत नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. काकांना इंग्रजी येत नव्हतं. पण ब्यूटिफुल कशाला म्हणतात हे त्यांना चांगलं माहीत होतं, आठवड्याला एक ब्यूटी पार्लर आमच्याकडून जात होतं. बायकोने बोयाबद्दल सांगितलं आणि मी ब्यूटिफुलवर थांबले, हे त्यांना समजलं. त्यांचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू, नीट आवरून ठेवल्यासारखं गेलं. मग त्यांनी बायकोच्या दंडाला हात लावला आणि दोघं बाहेर गेली. पाटी फाटकाशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वेळेवर आले. “मॅडम,” म्हणाले, “पट्टी द्या.”

मला वाटलं मालकांना कोणीतरी बाई भेटायला आल्या आहेत. मी मागे वळून पाहिलंसुद्धा.

त्यानंतर मी गाळ्यात दोन वर्षं होते. ते एक वावगा शब्द बोलले नाहीत. काम तेच, चहा तोच. ‘बाय’ ही हाक मात्र गेली. तज्ज्ञांच्या आदेशाबरहुकूम वरचे साहेबी चौकोन काढण्याचं काम आम्हांलाच मिळालं आणि ते काकांनीच काढले, एकही काच न तडकू देता. त्याजागी मी खालच्याशी जुळणारं जाळं काढलं. या वेळी पोटमाळ्यावरून काही सोडलं गेलं नाही, मी जुन्या कागदांवरून भागवलं. काढलेली काच चर्चला परत द्यायची होती, पण अडाणी दुरुस्ती म्हटल्यावर सेक्रेटरींनी ती नको म्हणून सांगितलं. गाळ्याच्या संडासाची झडप बरेच दिवस फुटलेली होती, मालकांनी ती तिथे बसवून टाकली. राणीच्या काळातल्या त्या अस्सल इंग्लिश कलाकृतीतून वागळे इस्टेटमधलं सकाळचं ऊन यायचं आणि आम्ही सगळे तिचा रोज लाभ घ्यायचो.

मग माझं लग्न झालं, ट्यूबा आल्या, क्लास आला. एका रविवारी बायकांनी हट्ट धरला की अस्सल खिडकी दाखवाच. अकरा जणी, पुरीभाजीचे डबे घेऊन, चर्चमध्ये बाकावर बसून खाल्लं तर चालतं का असं विचारत आल्या. खिडकीखाली आता पितळी पाटी होती. तीन रेषा म्हणजे पवित्र त्रैक्य असं तिच्यावर इंग्रजीत कोरलं होतं. एकीने ते मोठ्याने वाचलं, दुसरीने वहीत उतरवून घेतलं.

का कोण जाणे, त्या वहीकडे बघून मला राहवेना. मी सगळं सांगितलं. जाळं कोणाचं, बोया कोणाचा, खाचा कशाच्या, आणि मी त्या दिवशी काय बोलले. पंधरा मिनिटं मी एकटी बोलत होते.  मग वहीवाली अगदी मायेने म्हणाली, “असेल हो. पण इथे तर छापील लिहिलंय ना.” आणि त्रैक्याला घरी जाऊन कुठला शेड वापरायचा ते तिने विचारलं.

मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि स्वतः रिक्षाने कोलशेतला गेले. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. अंगणात काका जाळं घेऊन बसले होते. आता ते विणत होते ते शेजारच्या मैदानातल्या पोरांच्या गोलपोस्टाचं, सरळ चौकोनांचं. त्यांची बायको ओट्यावर सुकट निवडत होती.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. की मी आज सगळ्यांना सांगितलं, पाटी खोटी आहे म्हटलं, तुमचा बोया आहे म्हटलं. ऐकणाऱ्या अकराही जणींनी पाटीवरच विश्वास ठेवला हे मी सांगितलं नाही. तेवढी लबाडी अजून शिल्लक होती.

काकांनी गाठ पुरी केली, दोरा दाताने तोडला.

“बरं झालं,” म्हणाले. मग बायकोला हाक मारून खुर्ची आणायला सांगितली आणि ती आल्यावर शर्टाच्या टोकाने पुसून माझ्याकडे सरकवली.

“बसा मॅडम.”